हेल्मुट न्यूटन, माझी मावशी आणि पाच मोठ्ठ्या नागड्या बायका

हेल्मुट न्यूटनची फॅशन फोटोग्राफी मला त्याच्या न्यूड्सपेक्षा जास्त आवडते, हे आधीच सांगून टाकते, पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यातही साठच्या दशकातली. म्हणजे जगभर 'तो न्यूड्सवाला' म्हणून गाजायच्या आधीची, जेव्हा मासिकाची एडिटर बाई डोक्यावर बसलेली असायची की बाबा रे तुला काय करायचं ते कर पण कोट दिसला पाहिजे, कॉलर दिसली पाहिजे, वाचणाऱ्या बाईला तो उद्या दुकानात जाऊन मागायचाय. ह्या सक्तीतून तो जे काही काढायचा ते भारी होतं. सक्ती गेली आणि माझ्या मते माणूस मोठा झाला पण फोटो जरा पातळ झाले. परवा ह्यावरून एका मैत्रिणीशी कडाक्याचं भांडण झालं (व्हॉट्सअ‍ॅपवर, व्हॉइस नोट्समधून, म्हणजे किती रंगलं असेल बघा) म्हणून फोनमधल्या जुन्या नोट्स काढून बसलेय.

नोट्स आहेत २०२२ च्या वसंतातल्या. बर्लिनला न्यूटनच्या फाउंडेशनच्या म्युझियममध्ये 'लेगसी' नावाचं प्रदर्शन होतं. तसं ते जन्मशताब्दीचं, त्याचा जन्म ३१ ऑक्टोबर १९२० चा, पण कोविडमुळे वर्षभर पुढे गेलं आणि २०२१ च्या ३१ ऑक्टोबरला उघडलं. तीनशेच्या आसपास फोटो, त्यातले जवळपास निम्मे आधी कधी दाखवलेच नव्हते. नंतर तेच प्रदर्शन व्हिएन्ना, मिलान, रोम असं फिरलं. महत्त्वाचं म्हणजे फोटो काळाप्रमाणे लावले होते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्यामुळे न्यूड कुठून आलं ते चालता चालता कळत जातं.

बरोबर मावशी होती. माझी मावशी सांगलीची, आयुष्यभर शिवणक्लास चालवला, तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आता सांगली ते सिंगापूर कुठेही सापडतील. ती माझ्याकडे राहायला आली होती आणि मी आधी तिला राजवाडे वगैरे दाखवणार होते, पण तिने विचारलं तुला कुठे जायचंय, मी म्हटलं फॅशनचे फोटो आहेत पण नागडे पण आहेत, तर म्हणाली, "मग काय झालं, आबांच्या ट्रंकेत 'समाजस्वास्थ्य'चे अंक होते ते आम्ही भावंडांनी सगळे बघितलेत." विषय संपला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत म्हणजे १९५३ पर्यंत हे मासिक एकट्याच्या जिवावर चालवलं, मुखपृष्ठावर नग्न स्त्रियांची चित्रं आणि फोटो छापले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आपल्याकडे ह्या विषयावर काही झालंच नाही असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

म्युझियम झू स्टेशनच्या अगदी पाठीमागे आहे, येबेन्सश्ट्रासं नावाच्या गल्लीत. बिल्डिंग १९०९ ची, प्रशियन लष्कराच्या ऑफिसर लोकांचं कॅसिनो, म्हणजे त्यांचा क्लब. आता गंमत म्हणा किंवा काय म्हणायचं ते म्हणा, ५ डिसेंबर १९३८ ला अठरा वर्षांचा ज्यू पोरगा हेल्मुट नॉयश्टेटर ह्याच झू स्टेशनवरून गाडीत बसून पळाला होता. ट्रिएस्टला गेला, तिथून बोटीने सिंगापूर, मग इंग्रजांनी शत्रुदेशाचा नागरिक म्हणून धरून ऑस्ट्रेलियात कॅम्पमध्ये पाठवला, मग ऑस्ट्रेलियन लष्करात ट्रक चालवला, लढाई संपल्यावर नाव बदलून न्यूटन झाला आणि मेलबर्नमध्ये स्टुडिओ टाकला. म्हातारपणी स्वतःचं काम बर्लिनला द्यायचं ठरलं तेव्हा जागा मिळाली ती त्या स्टेशनच्या मागची. म्युझियम उघडलं जून २००४ मध्ये, तो मात्र त्याच वर्षी जानेवारीत लॉस एंजेलिसला गाडीच्या अपघातात गेला.

त्याचे वडील बटणं आणि बकलांचे कारखानदार होते. हे मावशीला सांगितल्यावर तिचा चेहरा एकदम खुलला, "म्हणजे आपल्या लाइनीतलाच की."

आत शिरलं की जिन्यातच समोर 'बिग न्यूड्स'मधल्या पाच बायका. माणसापेक्षा मोठ्या प्रिंट्स, ब्लॅक अँड व्हाइट, पायात उंच टाचा, बाकी काही नाही, आणि बघतात अशा की तिकीट त्यांनाच दाखवायचंय. ही सगळी सिरीज ऐंशीच्या सुमाराची, पुस्तक आलं १९८१ मध्ये. कल्पना कुठून आली म्हणाल तर जर्मन पोलिसांकडची रेड आर्मी फॅक्शनच्या दहशतवाद्यांची पूर्ण उंचीची पोस्टर्स बघून, हे त्यानेच सांगून ठेवलंय. फरारी लोकांच्या पोस्टरवरून न्यूड! असल्या गोष्टींसाठी मला तो माणूस आवडतो.

आजूबाजूचे लोक जिन्यात जरा अवघडून, गळ्यातल्या चष्म्याशी खेळत वर चढत होते. मावशी तिथेच थांबली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "हिचा एक खांदा खाली आहे बघ. हिचं ब्लाउज शिवायचं तर त्या बाजूला पॅड घालावं लागेल, नाहीतर गळा फिरतो." मग पुढचीकडे वळली. तिने पाचही जणींची मापं घेतली असं म्हटलं तरी चालेल. ह्यापेक्षा निरोगी नजरेने न्यूड बघणारं माणूस मी तरी त्या दिवशी दुसरं बघितलं नाही.

सुरुवातीच्या भागात मला थांबायचं होतं ते इवासाठी. इवा म्हणजे एल्स नॉयलेंडर, विसाच्या-तिसाच्या दशकात बर्लिनमधली नावाजलेली फॅशन फोटोग्राफर, श्ल्यूटरश्ट्रासंवर स्टुडिओ. न्यूटन १९३६ पासून दोन वर्षं तिच्याकडे शिकाऊ होता. तिचे फोटो बघितलेत तर कळेल की ती कपड्यांइतकंच हातांकडे, पायांकडे, मोज्यांकडे बघायची, आणि न्यूड सुद्धा करायची. म्हणजे फॅशन आणि न्यूड ही दोन वेगळी खाती नाहीत हे पोराने तिच्या डार्करूममध्येच बघितलं असणार. ती पण ज्यू. १९३८ मध्ये तिचं काम बंद पाडलं, पुढे ज्यू हॉस्पिटलमध्ये एक्सरे विभागात राबली, आणि १९४२ मध्ये नाझींनी तिला आणि तिच्या नवऱ्याला नेऊन मारलं. न्यूटनने खूप नंतर, १९९४ मध्ये, फ्रेंच व्होग ह्या फॅशन मासिकासाठी दागिन्यांचे एक्सरे फोटो केले, हातातलं ब्रेसलेट आणि त्याच्या आत हाडं. ह्यात काही संबंध आहे असं त्याने कुठे म्हटलंय का ते जाऊ दे, मला मात्र तो फोटो आता साधेपणाने बघता येत नाही.

मेलबर्नचं सुरुवातीचं काम जरा गुळमुळीत आहे, स्वेटर आणि हसऱ्या पोरी, पोट भरायचं काम. लंडनला १९५७ मध्ये ब्रिटिश व्होगचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तर तिथे करमेना, मुदत संपायच्या आधीच पळाला. खरी मजा १९६१ ला पॅरिसला गेल्यावर. इथून पुढचा एक दीड हॉल मला अक्षरशः सोडवत नव्हता म्हणून मी दोनदा फिरले. १९६३ मध्ये ह्या पठ्ठ्याने बर्लिनमध्ये येऊन, भिंत बांधून दोनच वर्षं झालेली असताना, त्या भिंतीच्या आसपास फॅशन शूट केलं, तेही हेरगिरीची गोष्ट असल्यासारखं. मॉडेल कोट घालून संशयास्पद चेहऱ्याने उभी, मागे काटेरी तारा. तेव्हा त्यावर चिक्कार आरडाओरडा झाला आणि व्हायलाच हवा होता, तिथे खरी माणसं मरत होती. पण फोटो बघताना लक्षात येतं की हा इथूनच पळून गेलेला मुलगा आहे आणि त्याला ह्या शहरात कोण कोणावर पाळत ठेवतं हे कोणी शिकवायची गरज नाही.

१९६४ मध्ये 'क्वीन' मासिकासाठी फ्रेंच डिझायनर कुरेजचे कपडे. पांढरे, सरळ रेषांचे, गुडघ्याच्या वर, अंतराळात जायला निघाल्यासारखे. १९६७ चा तो विमानाचा फोटो, हिचकॉकच्या सिनेमात विमान माणसाच्या मागे लागतं ना, तसं इथे एक बाई जिवाच्या आकांताने पळतेय आणि मागून खाली झेपावत विमान येतंय, आणि हे सगळं कशासाठी तर ब्रिटिश व्होगला कपडे दाखवायचेत म्हणून. मला हसूच फुटलं. एडिटर म्हणते ड्रेस दाखव, हा म्हणतो दाखवतो ना बाई, पण ड्रेसच्या मागे विमान सोडतो.

त्याचं म्हणणं असं होतं की बाई काही पांढऱ्या कागदापुढे जगत नाही, ती रस्त्यावर असते, गाडीत असते, हॉटेलच्या खोलीत असते, मग फोटो तिथेच काढायला पाहिजे. सामान कमी, असिस्टंट कमी, जमेल तिथे आहे तोच उजेड. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कला काम चालू असताना त्याला जबरदस्त हार्ट अटॅक आला. त्यातून उठल्यावर त्याने ठरवलं की आता मला जे हवं तेच काढणार, आणि बायको जूनने त्याला तेच करायला लावलं. इथून ते न्यूटन सुरू होतात जे सगळ्यांना माहितीयेत. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या आर्लच्या एका हॉटेलात नटी शार्लट रॅम्पलिंग टेबलावर बसलेली, अंगावर कपडा नाही, पण ती मान वळवून अशी बघते की आपणच खोलीत न विचारता घुसलोय. त्याच्या सुरुवातीच्या न्यूड्सपैकी हा एक, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या मोठ्या बायकांपेक्षा ही एक वरचढ आहे. हॉटेल आहे, जड फर्निचर आहे, एक संध्याकाळ आहे. बाई जगतेय तिथेच फोटो.

आणि १९७५ चा र्यू ओब्रियोचा फोटो. हा न बघितलेला माणूस सापडणं कठीण, नाव माहीत नसलं तरी. पॅरिसमधली अरुंद गल्ली, न्यूटन स्वतः तिथेच राहायचा, रात्र, रस्त्यावरचे दिवे, आणि मध्ये डिझायनर ईव्ह सां लोराँच्या पँटसूटमध्ये एक बाई, केस चापून मागे बसवलेले, एक हात खिशात, एका हातात सिगरेट. फ्रेंच व्होगसाठी काढलेला. सां लोराँने बायकांसाठी पुरुषी डिनर सूट आणला होता १९६६ मध्येच, पण तो सूट घालणारी बाई रस्त्यावर कशी उभी राहील ते न्यूटनने दाखवलं.

मावशी ह्या फोटोपुढे इतका वेळ उभी राहिली की मागे लोक साचले. मग हळूच बोटाने हवेत मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या जागेची, रेघ ओढत म्हणाली, "मुंढा बघ किती वर घेतलाय. म्हणून हात खिशात गेला तरी खांद्यावर एक चुणी नाही. आमच्या मुली मुंढा खाली सोडतात आणि मग हात वर केला की अख्खा ड्रेस वर." मी हा फोटो कितीतरी वर्षं पोस्टरवर, फोनवर, कुठे कुठे बघत आलेय, मला त्यात ताकद दिसायची, पुरुषीपणा दिसायचा, पण ती ताकद मुंढ्यात आहे हे काही दिसलं नव्हतं. बाई ऐटीत उभी राहू शकते कारण कोट तिला उभं राहू देतो.

त्याच रात्रीचं दुसरं व्हर्जन पण आहे. तीच गल्ली, तोच सूट, पण सूटवालीच्या शेजारी दुसरी बाई, उंच टाचांचे बूट सोडले तर जवळपास विवस्त्र. म्हणजे एकाच शूटमध्ये फॅशन आणि न्यूड शेजारी शेजारी उभे. आणि खरं सांगते, दुसरी बाई आल्यावर फोटो पडतो. पहिल्यात आपण विचार करत राहतो की ही कोण, कुठे निघाली, कोणाची वाट बघतेय. दुसऱ्यात उत्तर देऊन टाकलंय.

मग १९८१ चा 'त्या येताहेत'. चार बायका सरळ आपल्या अंगावर चालत येताहेत, एका फोटोत कपडे घालून, दुसऱ्यात तशाच, त्याच पोझमध्ये, कपड्यांशिवाय. दोन्ही शेजारी. इथे बहुतेक लोक डावीकडे उजवीकडे मान फिरवत फरक शोधतात. मी पण तेच करत होते. मावशीने एकच प्रश्न विचारला, "सगळं काढलं, मग चपला का नाही काढल्या?"

का नाही काढल्या? कारण त्या काढल्या तर फोटो कोसळतो. टाच आहे म्हणून पोटरी ताणली गेलीय, पोटरी ताणलीय म्हणून गुडघा सरळ, गुडघा सरळ म्हणून कंबर पुढे आणि पाठ ताठ, आणि ती ताठ पाठ म्हणजेच तर अख्खा फोटो. अनवाणी चालल्या असत्या तर चार बायका नदीवर निघाल्यासारख्या दिसल्या असत्या. माझ्यासाठी तिथे सगळं जुळलं, की हा माणूस न्यूड काढतच नाहीये, फॅशनच काढतोय, फक्त कपड्यांचा भाग वगळून. बाईने अजूनही काहीतरी घातलंय आणि ते जे घातलंय तेच तिला उभं करतंय.

आणि मग मला आपली टफ शूजची जाहिरात आठवली! १९९५. मिलिंद सोमण, मधू सप्रे, दोघं नागडे, अंगाभोवती अजगर आणि पायात बूट, कारण बूटच तर विकायचे होते. फोटो प्रबुद्ध दासगुप्तांचा. आमच्या वर्गात ती जाहिरात वहीच्या आत घालून फिरली होती. त्या दोघांवर अश्लीलतेचा खटला झाला, अजगराच्या वतीने वन्यजीव कायद्याखाली पण तक्रार झाली, आणि चौदा वर्षांनी, २००९ मध्ये, निर्दोष सुटले. एका बुटाच्या जाहिरातीसाठी चौदा वर्षं. मावशी म्हणाली आठवतंय, तेव्हा सांगलीत सगळ्यांनी नावं ठेवली आणि सगळ्यांनी अंक जपून ठेवला.

आता मैत्रिणीचं म्हणणं. तिचं म्हणणं साधं आहे, हा माणूस बायकांना वस्तू करतो, सुंदर प्रिंट काढली म्हणून ते बदलत नाही. ती काही पहिली नाही हे म्हणणारी, १९७९ मध्ये फ्रेंच टीव्हीवर अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅगने त्याच्या तोंडावर सांगितलं होतं की तुझे फोटो स्त्रीद्वेष्टे आहेत, तो म्हणाला माझं बायकांवर प्रेम आहे, तर तिचं उत्तर अशा अर्थाचं होतं की मालकांचं पण गुलामांवर प्रेम असतंच. जर्मनीत १९९३ मध्ये 'एमा' ह्या स्त्रीवादी मासिकाने, म्हणजे त्याची संपादक आलिस श्वार्त्सरने, त्याचे फोटो परवानगी न घेता छापून त्याच्यावर सडकून लिहिलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि कॉपीराइटच्या मुद्द्यावर मासिक हरलं. कोर्टात हरलं म्हणून मुद्दा हरला असं मी म्हणणार नाही. बाईच्या पाठीवर घोड्याचं खोगीर ठेवलेला एक फोटो आहे १९७६ चा, त्याच्यापुढून मी सरळ पुढे गेले, मला त्यात काही बघायचं नव्हतं, आणि कोणी कितीही समजावलं तरी नाहीये.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. पुढे पुढे सगळ्या बायका एकाच साच्यातल्या होतात. उंच, गोऱ्या, रुंद खांद्याच्या, ताठ. पुस्तकाचं नावच 'व्हाइट विमेन', १९७६. साठच्या दशकात प्रत्येक फोटोत कोणीतरी वेगळी होती, एक घाबरलेली, एक भामटी, एक कंटाळलेली, कारण गोष्ट वेगळी होती आणि ड्रेस वेगळा होता. 'बिग न्यूड्स'मध्ये गोष्ट नाही. आणि ते वाक्य आठवा, बाई पांढऱ्या कागदापुढे जगत नाही म्हणणारा. 'बिग न्यूड्स' कशापुढे काढलेत? स्टुडिओत, कोऱ्या पडद्यापुढे. 'त्या येताहेत' पण तसाच. रस्ता गेला, गाडी गेली, हॉटेल गेलं, कपडे तर गेलेच. उरली नुसती साइज. जिन्यात त्या साइजचा दणका बसतो हे कबूल, पण जिना चढून झाला की मला त्यातली एकही वेगळी अशी आठवत नाही, खांदा खाली असलेली सोडून, आणि तीही मावशीमुळे.

मैत्रीण म्हणते हे तू टेक्निकल कारणं देऊन मुख्य मुद्दा टाळतेस. मी म्हणते मुख्य मुद्दा हाच आहे, बाईला जागा दिली, काम दिलं, कुठेतरी निघालेली दाखवली की ती माणूस होते, मग अंगावर कपडे असोत नसोत. रॅम्पलिंग बघ. ती म्हणाली बघितली. तिथे ते अडकलंय.

जूनबद्दल दोन ओळी तरी हव्यातच, कारण तिच्याशिवाय हे म्युझियमच झालं नसतं. ती मूळची नटी, लग्न १९४८ चं मेलबर्नमधलं. १९७० मध्ये न्यूटन फ्लूने झोपला होता तेव्हा तिने त्याच्या जागी जाऊन एका सिगरेटच्या जाहिरातीचा फोटो काढला आणि तिथून स्वतःच फोटोग्राफर झाली. नाव घेतलं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, नकाशावर डोळे मिटून टाचणी टोचून. तिचे पोर्ट्रेट्स त्याच्यापेक्षा मऊ आणि जास्त जवळचे आहेत, निदान मला तसे वाटतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती गेली, म्हणजे हे प्रदर्शन उघडायच्या काही महिने आधी.

जाणार असाल तर, सोमवारी बंद असतं. 'लेगसी' आता तिथे नाही, प्रदर्शनं बदलत असतात. तळमजल्यावर न्यूटनचं खासगी सामान कायमचं मांडलंय, कॅमेरे, कपडे, पत्रं आणि त्याची निळी जीप पण. वरच्या मजल्यावर सरकारी फोटोसंग्रहाचं काहीतरी वेगळं चालू असतं आणि ते त्याच तिकिटात होतं, पण तिकडे जायचं तर खाली वेळ कमी घालवा, आमचं राहूनच गेलं, कारण मावशी कुरेजच्या स्कर्टच्या फोटोपुढे पुन्हा जाऊन पर्समधल्या पावतीच्या पाठीमागे त्याचं कटिंग काढत बसली होती आणि गार्डबाई तिच्या मागे उभी राहून ते बघत होती.